वजनकाट्यावरचा संगणक आधी

कोल्हापूर जिल्ह्यातल्या राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला टेकलं की ते आपोआप उघडतात, बटण दाबायला कुणी लागत नाही. पुढे राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा आधी ३९ फुटांची इशारा पातळी गाठते, मग ४३ फुटांची धोका पातळी. तेव्हा चिखली-आंबेवाडीतली माणसं आणि जनावरं कधी हलवायची, हे मात्र माणसंच ठरवतात. आयटी विभागाचं काम स्वयंचलित करायला निघालेल्यांनी हीच वाटणी आधी करावी.

शिरोली किंवा गोकुळ शिरगाव एमआयडीसीतली एखादी मध्यम आकाराची फाउंड्री धरू. दोनेकशे संगणक, आयटीत तीन माणसं. तक्रारी फोनवर येतात, व्हॉट्सअ‍ॅपवर येतात आणि हमखास कँटीनमध्ये येतात: “ते बिलिंगचं बंद पडलंय बघा, जरा येऊन जावा की.” ऐकणारा हात धुईपर्यंत विसरतो. म्हणून पहिली पायरी शिस्तीची. तक्रार कुठूनही येवो, तिला नंबर मिळालाच पाहिजे. जीएलपीआयसारखी मोफत, मुक्तस्रोत प्रणाली याला पुरते; ईमेल आला की ती स्वतःच तिकीट उघडते आणि पाठवणाऱ्याला नंबर कळवते. तोंडी तक्रार मात्र ऐकणाऱ्यानेच नोंदवायची. अर्जात तीन रकाने बस झाले: यंत्र कुठलं, होतंय काय, काम अडलंय का. लांबलचक अर्ज दिला की लोक पुन्हा कँटीन गाठतात.

खरी कसोटी प्राधान्यक्रमाची. पुष्कळ ठिकाणी तो साहेबांच्या आवाजावर ठरतो. नियमच करायचा तर दोन गोष्टी विचारायच्या: किती काम अडलं आणि किती वेळ निभावून नेता येईल? वजनकाट्यावरचा संगणक एकटाच असतो, पण तो बसला की गेटवर ट्रकांची रांग लागते. ५० हजार रुपयांवरच्या मालाला सहसा ई-वे बिल लागतं. ते निघेना झालं तर भरलेली गाडी जागची हलत नाही. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्यांना ११ तारखेला जीएसटीआर-१ आणि २० तारखेला जीएसटीआर-३बी गाठायचं असतं. त्याआधीचे दोन दिवस अकाउंट्सची तक्रार आपोआप वर चढेल, अशी सोय करता येते. संचालकांच्या केबिनमधला प्रिंटर या यादीत बराच खाली जातो. हे त्यांच्याकडून आधीच कबूल करून घ्यावं, नाहीतर पहिल्याच आठवड्यात नियम मोडतो.

वेळमर्यादा लावण्याआधी कॅलेंडर तपासा. एमआयडीसीतली साप्ताहिक सुट्टी रविवारीच असेल असं नाही, आणि रात्रपाळी असतेच. सॉफ्टवेअरने रविवार सुट्टीचा धरला असेल, तर त्या रात्री अडलेली तक्रार सोमवारी सकाळीही ‘मुदतीत’ दिसते.

आपोआप करायला सगळ्यांत सोपं काम पासवर्डचं. दर वेळी तेच, तसंच. मोबाइलवर ओटीपी गेला, ओळख पटली, पासवर्ड बदलला. नव्या माणसाचं खातंही एचआरच्या नोंदीवरून उघडता येतं. खातं बंद करणं त्याहून महत्त्वाचं. नव्याला खातं मिळालं नाही तर तो तासाभरात ओरडतो. नोकरी सोडून गेलेल्याचं उघडं राहिलं तर कुणीच ओरडत नाही.

अपडेटच्या बाबतीत हात आखडता घ्यावा. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटने जगभरात सुमारे ८५ लाख विंडोज संगणक बंद पाडले. अपडेट आपोआप पोचलं होतं. दुरुस्ती मात्र असंख्य ठिकाणी एकेका यंत्रापाशी बसून करावी लागली. म्हणून आधी आयटीतलीच चार-पाच यंत्रं, दिवसभर वाट, मग ऑफिस. वजनकाटा सगळ्यांत शेवटी, तोही गाड्या नसताना.

राहिलं तिकीट बंद करणं. दुरुस्तीनंतर तीन दिवस उत्तर आलं नाही की तिकीट आपोआप मिटावं, हा नियम सोयीचा आहे. पण त्याला एक अपवाद जोडा. एकाच यंत्राची महिन्यात तिसरी तक्रार आली, तर ती आपोआप मिटू नये, विभागप्रमुखाकडे जावी. मोल्डिंग शॉपमधला संगणक दर आठवड्याला गरम होऊन बंद पडतो. जाऊन परत चालू केला की चालतो, तिकीट दहा मिनिटांत मिटतं आणि महिन्याचा अहवाल हिरवागार दिसतो. कॅबिनेट उघडलं तर पंख्यात वाळूची बारीक धूळ गच्च बसलेली असते. तिथे आधी ब्लोअर मारायचा आणि मग धूळ न शिरणारी पेटी मागवायची.