संकरित मोटारीचा पेट्रोलहिशेब

नवी मोटारगाडी दिसली की आपला पहिला प्रश्न ठरलेला असतो : लिटरला किती किलोमीटर जाते? प्रश्न साधा वाटतो. उत्तर मात्र चकवा देणारे आहे. हा चकवा ओळखायला शाळेतले पदार्थविज्ञान आणि अंकगणित पुरते. उदाहरण म्हणून एक जडशीळ, महागडी गाडी घेऊ.

टोयोटा ही जपानी कंपनी 'लेक्सस' या नावाने आलिशान गाड्या विकते. २००७ साली तिने 'एलएस ६०० एच एल' ही मोठी सेडान अमेरिकेच्या बाजारात आणली. ही संकरित, म्हणजे हायब्रिड गाडी. पेट्रोलचे इंजिन आणि विजेची मोटर अशी दोन्ही यंत्रे हिच्या चाकांना गती देतात. वजन सुमारे २,३०० किलोग्रॅम! 'एलएस ४६० एल' ही हिची सख्खी बहीण. तीही तशीच लांबरुंद, पण केवळ पेट्रोलवर चालणारी. तुलनेसाठी ही जोडी चांगली आहे.

संकरित गाडी पेट्रोल वाचवते ते कसे? समजा, चालकासह २,४०० किलोग्रॅमची आपली गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने, म्हणजे सेकंदाला सुमारे १६.७ मीटर, धावत आहे. गतिज ऊर्जेच्या सूत्रात (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, भागिले दोन) आकडे घाला. उत्तर येते साधारण ३.३ लाख ज्यूल. समोर तांबडा दिवा लागला. चालकाने ब्रेक दाबला. गाडी थांबली, आणि ही सारी ऊर्जा ब्रेकच्या घर्षणात उष्णता होऊन हवेत गेली. दिवा हिरवा झाला की तेवढीच ऊर्जा पुन्हा पेट्रोल जाळून मिळवायची. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३.२ कोटी ज्यूल ऊर्जा असते. तिच्यातली पाव चाकांपर्यंत पोचते असे धरू. उरते ८० लाख ज्यूल. म्हणजे असे २४ थांबे झाले की एक लिटर पेट्रोल निव्वळ ब्रेक तापवण्यात खर्ची पडले.

संकरित गाडीत ब्रेक हलकेच दाबला की चाके विजेच्या यंत्राला फिरवू लागतात. तेच यंत्र त्या वेळी जनित्र बनते. गाडी मंदावते आणि वीज बॅटरीत साठते. सगळी ऊर्जा अर्थातच परत मिळत नाही. निम्मी मिळाली असे मानले, तरी त्या २४ थांब्यांमागे अर्धा लिटर पेट्रोल वाचते. शिवाय गाडी उभी असताना इंजिन बंद ठेवता येते, ती बचत वेगळी.

आता प्रत्यक्षातले आकडे पाहा. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था प्रत्येक गाडीसाठी शहरातला आणि हमरस्त्यावरचा असे दोन आकडे प्रसिद्ध करते. २००८ च्या गाड्यांचे तिचे आकडे आपल्या मापात आणले तर शहरात पेट्रोलवाली बहीण लिटरला ६.८ किलोमीटर जाते आणि संकरित ८.५. हमरस्त्यावर मात्र पेट्रोलवाली १०.२ आणि संकरित ९.४! तिथे संकरित गाडी मागे पडते. हे विचित्र नाही. हमरस्त्यावर थांबे नाहीत, म्हणून परत मिळवायलाही काही नाही. हवेचा विरोध आणि टायरांचे घर्षण यांत गेलेली ऊर्जा कोणत्याच यंत्राला परत आणता येत नाही. बॅटरी आणि मोटरी यांचे ओझे मात्र सतत वाहावे लागते. त्यात ही गाडी चारही चाकांना शक्ती पुरवते, तर तिची बहीण फक्त मागच्या दोन.

आणखी एक गोष्ट आहे. पेट्रोलवाल्या गाडीचे इंजिन ४.६ लिटरचे होते. संकरित गाडीला विजेची मदत आहे, तेव्हा तिचे इंजिन लहान असेल असे तुम्हांला वाटेल. कंपनीने ते वाढवून ५ लिटरचे केले! नावातला ६०० हा आकडा सहा लिटरच्या इंजिनाची ताकद सुचवण्यासाठी होता. विजेची मोटर इथे काटकसरीसाठी कमी आणि जोरासाठी अधिक वापरली गेली. माझ्या मते हिशेब इथेच बिघडला.

मग शहरातला ६.८ वरून ८.५ हा फायदा क्षुल्लक म्हणायचा का? इथेच तो चकवा आहे. 'लिटरला किलोमीटर' हे माप उलटे करून '१०० किलोमीटरला किती लिटर' असे विचारा. पेट्रोलवाली १४.७ लिटर पिते, संकरित ११.८. बचत २.९ लिटर. आता लिटरला १७ किलोमीटर जाणारी एक लहान गाडी घ्या. तिला १०० किलोमीटरला ५.९ लिटर लागतात. तिच्यातही २.९ लिटरच वाचवायचे असतील, तर ती लिटरला ३४ किलोमीटर न्यावी लागेल! म्हणजे मोठ्या गाडीचे पावणेदोन किलोमीटर आणि लहान गाडीचे सतरा किलोमीटर यांची किंमत सारखीच. २००८ साली लॅरिक आणि सोल या अमेरिकी संशोधकांनी 'सायन्स' नियतकालिकात या फसगतीकडे लक्ष वेधले होते. गाडी जितकी खादाड, तितकी तिच्यातली थोडीशी सुधारणाही मोलाची. लिटरला ४ किलोमीटर जाणारी बस ५ जाऊ लागली तर १०० किलोमीटरला किती लिटर वाचतील, ते वर्गात काढून पाहा.

सरासरीतही हीच गंमत आहे. ती संस्था ५५ टक्के प्रवास शहरात आणि ४५ टक्के हमरस्त्यावर धरते. पेट्रोलवाल्या गाडीचे ६.८ आणि १०.२ हे आकडे या प्रमाणात सरळ मिळवले तर ८.३ येतात. प्रथम दोन्हींचे लिटर काढून ते मिळवले आणि मग भागाकार केला, तर ८ च येतात. दुसरी रीत बरोबर, कारण टाकीतून लिटर कमी होतात, किलोमीटर नव्हे.

आता पैसे. वर्षाला १५,००० मैल प्रवास झाला तर पेट्रोलवालीला सुमारे ७९० गॅलन लागतात आणि संकरितला ७१५. वाचले ७५ गॅलन. गॅलनला ३ डॉलर भाव धरला तर २२५ डॉलर. संकरित गाडीची किंमत होती सुमारे १,०४,००० डॉलर आणि बहिणीची ७१,०००. फरक ३३,००० डॉलरचा. तो पेट्रोलमधून भरून यायला १४६ वर्षे लागतील! यातले बरेच पैसे इतर सुखसोयींचे आहेत, हे खरे. पण एवढी रक्कम ५ टक्के व्याजाने ठेवली तर वर्षाला १,६५० डॉलर नुसते व्याज येईल. वाचलेल्या पेट्रोलच्या सातपट.

२०१७ साली याच मालिकेत 'एलएस ५०० एच' दाखल झाली आणि २०१८ च्या जानेवारीत ती भारतातही विक्रीला आली. या वेळी इंजिन साडेतीन लिटरचे होते. अमेरिकेतल्या मिश्र प्रवासात मागच्या चाकांवर चालणारी ही गाडी लिटरला सुमारे ११.९ किलोमीटर जाते. तिची पेट्रोलवाली जोडीदार ९.८. दोघींच्या किमतीत सुरुवातीला जेमतेम ४,५०० डॉलरचा फरक होता. वरच्याच रीतीने हिशेब केला तर वर्षाला सुमारे ३५० डॉलर वाचतात, आणि १४६ वर्षांची १३ वर्षे होतात. अर्थात अशी गाडी घेणारा धनिक ती १३ वर्षे ठेवील की नाही, हे काही पदार्थविज्ञान सांगू शकत नाही.