नावाडी झोपल्यावर राखण कोण करते?



आपल्या सातारा-सांगलीला समुद्र नाही. कृष्णेतली होडी या काठावरून त्या काठाला जाते. तेवढ्यात नावाड्याला झोप लागत नाही. पण समुद्रात महिनोन् महिने एकट्याने जायचे तर झोपावेच लागते. नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे 'म्हादेई' या शिडाच्या नावेतून १९ ऑगस्ट २००९ ला मुंबईहून एकटे निघाले. पृथ्वीप्रदक्षिणा करून ते मे २०१० मध्ये परत आले. असे करणारे ते पहिले भारतीय. म्हादेई गोव्यात बांधलेली, लांबी ५६ फूट. मोठी मालवाहू जहाजे हजार फुटांहूनही लांब असतात. अशा जहाजाची धडक बसली तर छोट्या नावेचे काय होईल?

आता हिशोब बघा. मोठे जहाज तासाला सुमारे ३७ किलोमीटर जाते. म्हणजे २० मिनिटांत १२ किलोमीटर. निजताना लांब दिसणारा ठिपका डोळा लागेस्तोवर जवळ येतो. जहाज मोठे असले तरी त्याला चटकन थांबता येत नाही. म्हणून एकटे नावाडी थोडे थोडे झोपतात आणि नावेवर इशारा देणारा गजर लावतात.

हा गजर कसा चालतो? मोठी जहाजे रेडिओवरून सारखी सांगत असतात, 'मी अमुक जहाज, मी इथे आहे, माझी दिशा ही, माझा वेग हा.' या यंत्रणेला ए.आय.एस. म्हणतात. छोट्या नावेवरचे यंत्र ते ऐकते. आपली नाव कुठे चालली तेही त्याला ठाऊक असते. मग दोघांची गाठ किती जवळून आणि किती मिनिटांनी पडेल, ते यंत्र काढते.

गजर लावायची रीत अशी:

१. यंत्राची एरियल डोलकाठीवर उंच बांधायची. उंचावरून लांबचे ऐकू येते.

२. यंत्राला दोन आकडे सांगायचे. समजा २ सागरी मैल आणि ३० मिनिटे. म्हणजे येत्या ३० मिनिटांत जे जहाज २ मैलांच्या आत येणार असेल, त्यालाच गजर होईल. लांबून निघून जाणाऱ्याला होणार नाही.

३. भोंगा निजायच्या जागेजवळ लावायचा. वारा आणि लाटांच्या आवाजात तो ऐकू आला पाहिजे. झोपण्याआधी वाजवून बघायचा.

४. बंदराजवळ जहाजे फार असतात. तिथे आकडे कमी करायचे. नायतर गजर सारखाच वाजतो आणि माणूस वैतागून तो बंद करतो. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीसारखे होते. खरा लांडगा येतो तेव्हा कोणी उठत नाही.

पण नुसत्या ए.आय.एस.वर विसंबू नये. मासेमारीच्या पुष्कळ छोट्या होड्यांवर ते नसते. त्या यंत्राला कळतच नाहीत. म्हणून काही नावांवर रडारही ठेवतात. रडार स्वतः लहरी सोडून शोधते, पण त्याला बॅटरी जास्त लागते. लाकूड, फायबर आणि कापडी शीड दुसऱ्याच्या रडारला नीट दिसत नाही. म्हणून डोलकाठीवर पत्र्याचे परावर्तक बांधतात. लहरी त्यावर आपटून परत जातात आणि मोठ्या जहाजाला छोटी नाव कळते.

म्हणजे कामे दोन आहेत. दुसरा आपल्याला दिसला पाहिजे आणि आपण दुसऱ्याला दिसलो पाहिजे.

हे दुसरे काम आपल्याकडंही आहे. उसाचा हंगाम आला की रात्री कारखान्याच्या रस्त्याला ट्रॉल्याच ट्रॉल्या. मागे दिवा नाही, लाल रिफ्लेक्टर नाही, तर मोटारसायकलवाल्याला अंधारात ट्रॉली दिसणार कशी? तिथे कोणताच गजर वाजत नाही. भित्तिपत्रक वाचायला आलेल्या पालकांना विनंती आहे, घरी गेल्यावर ट्रॉलीच्या मागे रिफ्लेक्टर आहे का ते बघा. असेल तर फडक्याने पुसा. नसेल तर हंगामाआधी लावा.

— इयत्ता ४ थी