‘शिकावं’ आणि ‘शिकलो असतो तर’

नोकरी ठाण्याला, बिऱ्हाड डोंबिवलीत. लोकलमधल्या त्या जाण्यायेण्यात मी स्पॅनिश शिकू लागलो. गुरू नव्हते, एक जुनं व्याकरणाचं पुस्तक होतं. त्यातल्या ‘इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह’ या रूपापाशी गाडी कित्येक महिने अडून राहिली.

रूप बनवणं सोपं आहे. नियमित क्रियापदाचं साध्या भूतकाळातलं ‘ते’चं रूप घ्यायचं: ‘आब्लार’चं (बोलणे) आब्लारोन, ‘आप्रेंदेर’चं (शिकणे) आप्रेंदिएरोन, ‘बिबिर’चं (जगणे, राहणे) बिबिएरोन. शेवटचा ‘रोन’ काढायचा आणि पुरुष-वचनाप्रमाणे रा, रास, रा, रामोस, राइस, रान लावायचे. झालं आब्लारा, आप्रेंदिएरा, बिबिएरा.

पण ते वापरायचं कुठे? उलगडा मराठीनेच केला. मोरो केशव दामले यांचं १९११ सालचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ उघडून विध्यर्थ आणि संकेतार्थ पुन्हा वाचले. तेव्हा लक्षात आलं, की आपण या दोन अर्थांकडून करून घेतो ते काम स्पॅनिशमध्ये हे एकच रूप करतं.

पहिलं काम इच्छेचं. ‘मी शिकावं असं आईला वाटतं’ यात स्पॅनिश ‘आप्रेंदा’ म्हणेल. ‘वाटत होतं’ म्हटलं, की लगेच ‘आप्रेंदिएरा’. आपलं ‘शिकावं’ दोन्हीकडे तेच राहतं. मराठी माणूस चुकतो तो इथे.

दुसरं काम अटीचं. ‘मला स्पॅनिश बोलता येत असतं, तर मी स्पेनमध्ये काम केलं असतं’: सि आब्लारा एस्पान्योल, त्राबाखारीआ एन एस्पान्या. आपण ‘असतं’ दोन्हीकडे लावतो. स्पॅनिशमध्ये ‘रा’ फक्त ‘जर’च्या बाजूला येतो, ‘तर’च्या बाजूला ‘रीआ’.

आणखी एक भेद आहे. आपलं ‘असतं’ आजच्या उणिवेलाही चालतं आणि हुकलेल्या कालच्या संधीलाही. स्पॅनिशमध्ये काल हुकलं असेल तर ‘सि उबिएरा आप्रेंदिदो’, म्हणजे ‘शिकलो असतो तर’, असं वेगळं म्हणावं लागतं.

दहावीनंतर मी कामाला लागलो. पुढे शिकावं, असं आईला वाटत होतं. तिचं वाक्य स्पॅनिशमध्ये लिहिताना मी मुद्दाम ‘उबिएरा’ टाळतो आणि ‘आप्रेंदिएरा’ लिहितो. त्या रूपात इच्छा कालची असते; ती पुरी झाली की राहिली, हे मात्र ते सांगत नाही.