तंजावरच्या मोठ्या देवळातला मराठी लेख : सुट्टीत मुलांना घेऊन जाणाऱ्यांसाठी

मे महिन्यात तंजावरला जाऊ नका असं सगळेच सांगतात. पण शाळांना सुट्टी तेव्हाच, त्यामुळे बहुतेक मराठी कुटुंबं तेव्हाच जातात. मग निदान पहाटे निघा. बृहदीश्वराचं अंगण उशिरा इतकं तापतं की अनवाणी पाय टेकवत नाही. सकाळी मात्र विमानाची लांबच लांब सावली पश्चिमेकडे अंगणात पडलेली दिसते. ‘या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही’ ही लोककथा मुलांना तिथेच तपासू द्या. भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, तेव्हा सावली देवळाच्याच अंगावर राहते, एवढाच त्यातला खरा भाग.

देऊळ राजराज चोळाचं, 1010 सालचं. त्याबद्दल गाईड भरपूर सांगतो. आपल्याला जायचंय ते प्राकाराच्या नैर्ऋत्येकडच्या भिंतीपाशी. तिथे 1803 साली कोरलेलं ‘भोसले वंश चरित्र’ आहे, बाळबोध अक्षरात, चक्क मराठीत. जगातल्या सर्वांत मोठ्या मराठी शिलालेखांत त्याची गणना होते. मजकूर बाबूराव चिटणीसांचा, आज्ञा सरफोजीराजे दुसरे यांची.

आता प्रश्न असा, की चोळांच्या देवळाच्या भिंतीवर राजानं आपली वंशावळ का कोरवली? माझ्या मते उत्तर मागच्या सोळा वर्षांत आहे. सरफोजी हे तुळजाजीराजांचे दत्तकपुत्र. 1787 मध्ये तुळजाजी वारले, आणि दत्तकविधान अशास्त्रीय ठरवून गादी सावत्र चुलते अमरसिंह यांच्याकडे गेली. सरफोजींना ती 1798 मध्ये मिळाली, तीसुद्धा कंपनीच्या पाठिंब्यानं. पुढच्याच वर्षीच्या तहानं राज्याचा कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे उरलं काय, तर किल्ला, एक लाख पगोडा आणि महसुलाचा पाचवा हिस्सा. ज्याचा हक्क वादात सापडला होता आणि ज्याच्या हातात राज्य उरलं नव्हतं, त्यानं चार वर्षांत आपलं कूळ दगडावर नोंदवलं. कागद फाटतो, तह बदलतो. ग्रॅनाइटचं तसं नाही.

म्हणूनच हा लेख वाचताना सावध राहायला हवं. शहाजी, शिवाजी, व्यंकोजी यांच्याबद्दल तो जे सांगतो, ते सव्वाशे-दीडशे वर्षांनंतरचं दरबारी कथन आहे. समकालीन पुरावा म्हणून त्याचा हवाला देणारे लेख दिसतात, ते मला पटत नाही. 1803 साली तंजावरच्या दरबाराला स्वतःबद्दल काय सांगायचं होतं, याचा मात्र हा अव्वल पुरावा.

सगळा लेख उभ्यानं वाचून होणार नाही. मुलांना एकेक ओळ वाटून द्या. र आणि ल यांची वळणं, जोडाक्षरं ओळखताना ती रमतात.

ऊन चढलं की राजवाड्यात, सरस्वती महालाकडे वळा. तमिळ, तेलुगू, संस्कृत हस्तलिखितांबरोबर तिथे मराठी पोथ्या आणि मोडी कागदही जपलेले आहेत. दगडावर राजाला हवं तेवढंच आलं; दरबाराचा रोजचा संसार कळतो तो या मोडीतून. मोडी वाचता येणारी माणसं कमी, आणि कागद पुष्कळ.