पाऊस खारट का नसतो?

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा करताना गटातल्या एका ताईंची सातवीतली मुलगी शेजारी बसली होती. तिनं विचारलं, "पाऊस समुद्रातनं येतो, मग खारट का नाही?" शाळेत विचारलं तर "ते परीक्षेला नाही," असं उत्तर मिळालं म्हणे. मला सरांचा राग नाही आला. समुद्राचं पाणी तपासायची संधी त्यांना तरी कधी मिळाली?

गोव्यात दोना पावला इथं राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, १९६६ साली स्थापन झालेली. तिथले शास्त्रज्ञ जहाजातून खोल पाण्याचे नमुने आणतात, त्यातलं मीठ, उष्णता, सूक्ष्म जीव मोजतात. एक किलो समुद्राच्या पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ निघतं. ही संस्था ज्या सीएसआयआरची आहे, तिनं २०१७ मध्ये केंद्रीय विद्यालयांबरोबर 'जिज्ञासा' उपक्रम सुरू केला. मुलं प्रयोगशाळेत जातात, हे तर आहेच. मला आवडलेला भाग वेगळाच: शास्त्रज्ञानं शिक्षक व्हायचं आणि शिक्षकानं शास्त्रज्ञ. अमेरिकेत तर १९९० मध्येच शाळेतल्या शिक्षकांनी संशोधन जहाजावर जाऊन शास्त्रज्ञांच्या बरोबरीनं काम करायला सुरुवात केली.

यानं काय होतं? आपलंच बघा. हिशेबाची वही आपण भाषण ऐकून शिकलो का? जुन्या सचिव ताईंच्या शेजारी बसून, खाडाखोड करत शिकलो. आणि नंतरही अडलं की त्यांनाच फोन. शिक्षकांनाही असंच कुणीतरी हवं. चार दिवसांची सहल आणि प्रमाणपत्र एवढ्यावर ते संपू नये.

केंद्रीय विद्यालय आपल्या गल्लीत नाही, खरंय. पण शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात, असा कायदा आहे. तिथं नुसती सही करून उठू नका. आमच्या शिक्षकांना येता येईल का, असं पत्र संस्थेला पाठवायला मुख्याध्यापकांना सांगा. शाळेला वेळ नसेल तर मसुदा गटात बसून आपण लिहू.

त्या मुलीला मी घरी मिठाचं पाणी उकळायला लावलं. झाकणावर जमलेलं पाणी गार झाल्यावर तिनं चाखलं. अळणी! वाफ वर जाते, मीठ खालीच राहतं, पावसाचंही तेच. लगेच पुढचा प्रश्न, "मग समुद्रात एवढं मीठ आलं कुठनं?" आपल्या कृष्णेसारख्या नद्या खडकांतले क्षार वाहून नेतात, एवढं मी सांगितलं. "मोजलं कुणी?" म्हणाली. तिथं मी थांबले. आता सरांसाठीचं पत्र लिहायला घेतलंय.