रणनीतीच्या खेळाचा पहिला पाठ

ज्यांत प्रतिपक्ष आपल्या चालीसाठी थांबत नाही, उभयतांचा कारभार एकाच वेळी अखंड चालू राहतो, अशा संगणकीय युद्धखेळांपैकी नवशिक्याने प्रथम ‘एज ऑफ एम्पायर्स २’ हा १९९९ सालचा खेळ, २०१९ च्या सुधारित आवृत्तीत, निवडावा, असे माझे निश्चित मत आहे. अन्न, लाकूड, सोने व दगड यांची तजवीज आधी आणि फौजेची उभारणी मागाहून, हा क्रम खेळातीलच, विल्यम वॉलेसच्या नावाच्या शिकवणीच्या मोहिमेत सात टप्प्यांनी, सावकाश अंगवळणी पडतो. याच जातीचा १९९८ चा ‘स्टारक्राफ्ट’ हा खेळ श्रेष्ठ खराच. परंतु त्यातील तिन्ही पक्षांची रचना इतकी भिन्न, की एकाचा अभ्यास दुसऱ्यास फारसा उपयोगी पडत नाही. ‘एज ऑफ एम्पायर्स २’ मध्ये मात्र बहुतेक इमारती व शिपाई सर्व राज्यांना समाईक आहेत. खेळताना आरंभी, ही सामग्री गोळा करणाऱ्या गावकऱ्यांची भरती खंडित होऊ देऊ नये. अनोळखी खेळाडूंशी सामना हे सारे साधल्यानंतर.