गुलाम म्हणून नेले, त्याच देशात बिशप होऊन परतले. कोण होते सेंट पॅट्रिक?

१७ मार्चचा ‘सेंट पॅट्रिक्स डे’ आयर्लंडचा. पण पॅट्रिक मूळचे आयरिश नव्हते. पाचव्या शतकात ब्रिटनमधल्या ख्रिस्ती घरातून आयरिश टोळ्यांनी त्यांना पळवले, तेव्हा ते सुमारे १६ वर्षांचे होते. सहा वर्षे गुलाम म्हणून जनावरे राखल्यावर ते निसटले. तरीही पुढे बिशप होऊन धर्मप्रसारासाठी आयर्लंडलाच परतले.

त्यांनी तिथले साप हाकलले, ही दंतकथाच. हिमयुगानंतर आयर्लंडमध्ये साप नव्हतेच!

त्यांचे खरे धाडस त्यांच्या लॅटिन पत्रात दिसते. कोरोटिकस या सरदाराच्या सैनिकांनी नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या काहींना मारले, काहींना गुलाम म्हणून नेले. हे सैनिक स्वतःला ख्रिस्ती म्हणवत. पॅट्रिक यांनी त्यांनाच बहिष्कृत ठरवले आणि कैद्यांच्या सुटकेची मागणी केली. स्वतः गुलामगिरी भोगलेल्या माणसाचे हे पत्र आजही उपलब्ध आहे.